तृणमणी : सगळ्यांचा अपवर्तनांक १.५४, मग जात ओळखायची कशी?

गारगोटी (धागाकर्ती)

मी रत्नपरीक्षा शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात टेबलावर पाच तुकडे मांडले होते, चार तृणमणी म्हणजे अंबर, झाडांच्या फार जुन्या राळेचे. एक बाल्टिकचा, मधाळ आणि आरपार दिसणारा. दुसराही बाल्टिकचाच, पण हाडासारखा पांढरा. तिसरा डोमिनिकन, चौथा गडद लाल बर्मी. पाचवा कोपल, म्हणजे अजून पुरती न पिकलेली राळ. वार्निशात पडणारा चंद्रूस याच कुळातला. मुलांना सांगितलं, एकेक तुकडा रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा आणि अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, लिहून काढा.

तुकडे घुमटाकार होते, सपाट बाजू एकालाही नव्हती. अशा वेळी ठिपक्याची पद्धत वापरतात. यंत्राच्या काचेवर संपर्क-द्रवाचा टाचणीच्या डोक्याहून लहान थेंब ठेवायचा, त्यावर खड्याची पाठ टेकवायची आणि डोळा आयपीसपासून फूटभर मागे न्यायचा. पट्टीवर एक बारीक गोल ठिपका दिसतो. मान वर-खाली केली की तो कधी पूर्ण काळा होतो, कधी पूर्ण उजळ. एका जागी तो बरोबर मधून दुभागतो. वरचा अर्धा एका छटेचा, खालचा दुसऱ्या. तिथला आकडा वाचायचा. वाचून झालं की द्रव लगेच पुसून काढायचा, कारण अंबर सेंद्रिय आहे आणि तो द्रव त्याला मानवत नाही.

पाचही वह्यांत एकच आकडा आला. १.५४.

विशिष्ट गुरुत्व काढलं. सगळे १.०५ ते १.१० च्या दरम्यान, कोपलसुद्धा. काठिण्य मोहसच्या मापात २ ते २.५. बर्मी जरा जास्त, ३ च्या आसपास. कोपल थोडा मऊ. पण तयार दागिन्यावर ओरखडे काढून काठिण्य तपासायचं नसतं, म्हणून ते बाजूलाच ठेवलं.

माणिक, पुष्कराज, गोमेद ही रत्नं निम्मीअधिक आकड्यांवर ओळखता येतात. अंबर तसं ओळखता येत नाही. ते स्फटिक नाही, त्यात अणूंची ठरलेली रचना नाही, त्यामुळे एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीहून वेगळा असायला फारसं कारण उरत नाही. पण त्याच पाच तुकड्यांवर यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारला, ते ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशात धरले, भिंगातून पाहिले, तेव्हा पाचांच्या पाच तऱ्हा दिसल्या. माझं मत सांगते. अंबराच्या बाबतीत आकडा फक्त ‘हे काय नाही’ एवढंच सांगतो. ‘हे काय आहे’ ते उजेडाशी त्याचं वागणं पाहून कळतं. त्याबद्दल सविस्तर बोलायला हा धागा काढला आहे. ज्यांनी अंबर हाताळलं आहे त्यांनी जरूर लिहावं.

पाचोळा

छान विषय. तृणमणी हे नावच किती नेमकं आहे! घासला की गवताची काडी ओढणारा मणी. फारसीत कहरुबा, त्याचाही अर्थ काडी ओढून नेणारा. ग्रीकांनी याला एलेक्ट्रॉन म्हटलं आणि त्यावरून पुढे वीज या अर्थी इलेक्ट्रिसिटी शब्द आला. दोन भाषांनी या गुणावरून मण्याला नाव ठेवलं, तिसरीतल्या मण्याच्या नावावरून गुणालाच नाव मिळालं.

प्रश्न असा की हीच खरेपणाची चाचणी धरायची का? लोकरीवर घासून कागदाचा कपटा उचलला तर अंबर, असं?

गारगोटी

पाचोळा, नावाबद्दल पूर्ण सहमत. चाचणी म्हणून मात्र ती अपुरी आहे. बहुतेक प्लास्टिकंही घासल्यावर कपटे उचलतात, कोपलही उचलतो. काच ओळखायला तर घासायचीही गरज नाही. ती गालाला लावली की गार लागते आणि हातात जड असते, तिचं विशिष्ट गुरुत्व २.५ च्या आसपास. अंबर उबदार लागतं आणि आकाराच्या मानाने नवल वाटावं इतकं हलकं असतं.

मोरपीस

वाचतेय. माझ्याकडे तेहतीस मण्यांची एक जुनी माळ आहे, मधासारख्या रंगाची, मणी अर्धवट धुरकट. खरी आहे का हे मला कधीच कळलं नाही. सुई तापवून टोचून बघ, असं दोघांनी सांगितलं, पण धीर झाला नाही. घरच्या घरी, माळेला इजा न करता काय काय करता येईल? मला विज्ञान फारसं येत नाही, पण सांगाल ते नीट करेन.

गारगोटी

मोरपीस, सुई टोचली नाहीत हे फार बरं केलंत. खऱ्या अंबराला राळेचा सुगंध येतो, बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकला कार्बोलिक आम्लासारखा, केसीन या दुधापासूनच्या प्लास्टिकला जळक्या दुधासारखा, हे सगळं खरं. पण त्यासाठी मण्यावर कायमचा डाग पडतो. आणि मणी सेल्युलॉइड या आणखी एका जुन्या प्लास्टिकचा निघाला तर तो भसकन पेटतो. सुई नकोच. तुमच्या माळेकडे आपण टप्प्याटप्प्याने जाऊ. आधी मिठाचं पाणी.

रानवाटा

मिठाच्या पाण्याची चाचणी मी बरीच वर्षं करतोय. पेल्यात पाणी घ्या, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत राहा, त्यात मणी सोडा. तरंगला तर अंबर, बुडला तर प्लास्टिक. सोपं आहे, उगाच यंत्रं कशाला.

बाष्प

रानवाटादादा, इथे एक घोटाळा होतो. मी रसायनशास्त्राचा आहे म्हणून आकडे देतो. मीठ विरघळायचं थांबतं तेव्हा पाण्याची घनता साधारण १.२० होते. अॅक्रिलिकचं विशिष्ट गुरुत्व १.१८. म्हणजे तुमच्या पेल्यात अॅक्रिलिकचा मणीसुद्धा तरंगेल आणि तुम्ही त्याला अंबर म्हणाल. बेकेलाइट १.२६ च्या आसपास, केसीन १.३३, सेल्युलॉइड १.३५ च्या पुढे. हे तिन्ही बुडतील, त्यामुळे चाचणी बरोबर आहे असं वाटत राहतं.

मीठ कमी घ्या. ८५० ग्रॅम पाण्यात १५० ग्रॅम मीठ, म्हणजे १५ टक्के द्रावण. त्याची घनता सुमारे १.११. त्यात १.०८ चं अंबर तरंगतं, अॅक्रिलिक बुडतं. पॉलिस्टायरीन मात्र १.०५ चं असल्याने यातही तरंगेल. ते अपवर्तनांकावर पकडायचं, कारण त्याचा १.५९ आहे. कोपल तर तरंगणारच.

रानवाटा

हे माहीत नव्हतं, बाष्प. मी आजवर कितीतरी जणांना संपृक्त द्रावणच सांगत आलो. आजच १५ टक्क्यांचं करून पाहतो.

तिसरा_डोळा

यात आणखी एक भर. बुडालं म्हणजे नकली, हेही नेहमी खरं नसतं. बर्मी अंबरात कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाच्या शिरा असतात. तपकिरी आणि पांढऱ्या लाटा दिसणारं, ज्याला ‘रूट अंबर’ म्हणतात, त्यात तर भरपूर. कॅल्साइटचं विशिष्ट गुरुत्व २.७१. हिशोब करा : आकारमानाचा फक्त दहावा भाग कॅल्साइट असला, तर ०.९ गुणिले १.०८ अधिक ०.१ गुणिले २.७१, म्हणजे १.२४. अस्सल दहा कोटी वर्षांपूर्वीचं अंबर आणि संपृक्त पाण्यातही तळाला जाईल. १५ टक्क्यांच्या द्रावणात तर दोन-अडीच टक्के कॅल्साइटही बुडायला पुरतं.

बर्मी अंबराचं वय नुसत्या अंदाजावर सांगत नाहीत. उत्तर म्यानमारच्या हुकॉन्ग खोऱ्यातल्या ज्या खडकात ते सापडतं, त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला आकडा सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचा आहे. खडक त्याहून जुना असू शकत नाही. म्हणजे डायनोसॉरांच्या काळातली राळ.

पाचोळा

तिसरा_डोळा, हिशोब फार आवडला. आता मुख्य मुद्द्यावर या. यूव्हीखाली काय काय दिसतं?

गारगोटी

सांगते. पण आधी टॉर्चबद्दल, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. स्वस्तात मिळणारे बरेच यूव्ही टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांतून दिसणारा जांभळा उजेडही भरपूर येतो, तो मण्याच्या चकचकीत पाठीवरून परत येतो आणि आपल्याला वाटतं मणी निळा उजळला. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळसर फिल्टर असलेला टॉर्च घ्या आणि खोली पूर्ण अंधारी करा. डोळे दोन मिनिटं सरावू द्या. यूव्हीकडे थेट बघायचं नाही, तो अंगावरही धरायचा नाही.

अशा उजेडात माझा बाल्टिकचा पारदर्शक तुकडा निळसर-पांढरा दिसला, किंचित हिरवट झाक असलेला. पांढरा तुकडा त्याहून ठळक उजळला. डोमिनिकन गडद, दाट निळा. बर्मी, जो दिवसा रक्तासारखा लाल होता, तोही निळा झाला. तो बदल पाहताना वर्गातला आवाज थांबला होता. कोपल फिकट, पांढरट उजळला.

इथेही एक खाचखळगा आहे. अंबराची पाठ हवेत ऑक्सिडाइज होत जाते, वर्षानुवर्षं रंग पिवळ्याकडून लालसर तपकिरीकडे सरकतो. ही जुनी साय यूव्हीखाली मंद, मातकट दिसते. त्याच मण्याची नवी घासलेली किंवा तुटलेली बाजू मात्र लख्ख उजळते. म्हणून जुना मणी निस्तेज दिसला म्हणून लगेच नकली म्हणू नये. दोरा ओवायच्या भोकाच्या कडेला कुठे टवका उडालेला असतो, तिथे पाहावं.

नीलम_नाही

(हे माझं खूप जुनं सदस्यनाव आहे, पण प्रश्न निळ्याबद्दलच आहे.) मी ‘ब्लू अंबर’ म्हणून एक लोलक घेतला. घेताना उन्हात इतका निळा दिसला की नजर हटेना. घरी रात्री पेटी उघडली तर साधा तपकिरी. खिडकीसमोर धरून आरपार पाहिला तर पिवळा. मन फार खट्टू झालं. वर रंग लावला होता का? आता उतरला का?

तिसरा_डोळा

नीलम, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जे तीन अनुभव लिहिलेत ते तिन्ही निळ्या अंबराचे खरे गुण आहेत. रंग लावलेला असता तर तो रात्रीही निळाच दिसला असता.

होतं असं. या अंबराचा अंगचा रंग पिवळा-तपकिरीच असतो. निळा रंग फ्लुओरेसन्सचा आहे. उन्हात यूव्ही असतो, तो अंबराच्या अगदी वरच्या पातळ थरात शोषला जातो आणि तिथूनच निळा उजेड बाहेर पडतो. जॉन हर्शेलला १८४५ साली क्विनीनच्या द्रावणात असाच निळा पडदा फक्त पृष्ठभागालगत दिसला होता, आणि १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने त्याचा उलगडा करून फ्लुओरेसन्स हा शब्द दिला. हेच तुमच्या लोलकात घडतंय. घरातल्या एलईडी दिव्यात यूव्ही जवळपास नसतोच, म्हणून तिथे तो झोपी जातो.

आता एक करून बघा. दुपारच्या उन्हात एक काळं कापड आणि एक पांढरा कागद शेजारी ठेवा. लोलक आधी कागदावर ठेवा. पिवळट दिसेल, कारण कागदावरून परतणारा भरपूर उजेड अंबरातून आरपार येतो आणि तो निळ्या झळाळीला झाकून टाकतो. आता लोलक उचलून काळ्या कापडावर ठेवा. मागून येणारा उजेड थांबला की वरची निळाई एकटी उरते आणि उठून दिसते.

डोमिनिकन निळ्या अंबराची २००५ साली प्रसिद्ध झालेली वर्णपटाची मोजमापं पेरिलीनसारख्या बहुवलयी हायड्रोकार्बनकडे बोट दाखवतात. त्या रेणूची झळाळी नेमकी निळ्या पट्ट्यात येते.

नीलम_नाही

आत्ताच उन्हात जाऊन करून पाहिलं! कागदावर चहाच्या रंगाचा, कापडावर मोरपंखी. तीन-चार वेळा उचलून ठेवला. खरंच मनापासून आभार, मी तो परत करायला निघाले होते.

पाचोळा

निळा अंबर फक्त डोमिनिकनच असतो का?

गारगोटी

नाही. मेक्सिकोतल्या चियापासच्या अंबरातही निळी झळाळी दिसते, सुमात्राच्या अंबरातही. म्हणून नुसत्या निळाईवरून ‘डोमिनिकन’ असं लिहून देऊ नये. चियापास आणि डोमिनिकन यांचं नातं तर फारच जवळचं, दोन्ही हायमेनिया या शेंगावर्गीय झाडांची राळ. सुमात्राचं झाड वेगळं, डिप्टेरोकार्प कुळातलं. रसायन वेगळं, पण झळाळी डोळ्यांना सारखीच. इथे डोळ्यांची मर्यादा येते आणि बाष्पसारख्यांची मदत घ्यावी लागते.

बाष्प

हाक ऐकली. अवरक्त वर्णपटावर, म्हणजे पदार्थ अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश कुठे कुठे शोषतो त्या आलेखावर लिहितो, शक्य तितकं सोपं करून.

राळ म्हणजे डिंक नव्हे, हे आधी. डिंक पाण्यात विरघळतो, राळ नाही. राळेतले लहान रेणू लाखो वर्षांत एकमेकांना जोडले जातात, उडून जाणारे अंश उडून जातात, आणि उरतं ते अंबर. कोपलमध्ये ही जोडणी अर्धवट असते. तिथे कार्बनचे दुहेरी बंध बरेच शिल्लक असतात आणि अवरक्त वर्णपटात ते ८८७, १६४४ आणि ३०७८ प्रति सेंटिमीटर यांच्या जवळ शिखरं देतात. राळ पिकत जाते तशी ही शिखरं खुजी होत जातात. बाल्टिकमध्ये मात्र ती बऱ्यापैकी टिकून असतात, म्हणून फक्त त्यांवर निवाडा करता येत नाही.

बाल्टिकची खरी खूण दुसरी आहे. १२५० ते ११७५ च्या दरम्यान आलेख जवळजवळ सपाट चालतो आणि ११६० च्या सुमारास एकदम शिखर येतं. एखाद्या माणसाचा खांदा आणि मान असावी तसं. त्याला ‘बाल्टिक खांदा’ म्हणतात. व्हॅसर कॉलेजच्या कर्ट बेक यांनी १९६० च्या दशकात ही खूण मांडली आणि तिच्या आधारे ग्रीसमधल्या मायसीनीय थडग्यांतले मणी बाल्टिक अंबराचे आहेत हे दाखवता आलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ते मणी उत्तरेच्या समुद्राकडून तिथवर गेले होते. मला तो आलेख पहिल्यांदा पाहताना जे वाटलं ते अजून आठवतं.

खांदा सक्सिनिक आम्लाच्या एस्टरांमुळे येतो. बाल्टिक अंबरात हे आम्ल ३ ते ८ टक्के असतं, त्यावरूनच त्याचं खनिजशास्त्रीय नाव सक्सिनाइट. डोमिनिकन आणि बर्मीत हा खांदा नाही. बाल्टिकचाच नमुना फार ऑक्सिडाइज झाला असेल तर सपाट भाग तिरका होतो, हे ध्यानात ठेवायचं.

जाता जाता, गुजरातेतल्या वस्तान लिग्नाइट खाणीतलं खंबायत अंबर सुमारे ५ कोटी वर्षांचं आणि डिप्टेरोकार्प झाडांचं आहे. त्यातली जोडणी इतकी सैल की ते सॉल्व्हंटमध्ये विरघळतं, त्यामुळे आतले किडे अख्खे बाहेर काढता आले. बाल्टिकमध्ये असं करता येत नाही.

रानवाटा

बाष्प, ‘जोडणी’ हा शब्द वापरल्याने पहिल्यांदा नीट समजलं. म्हणजे अॅसिटोनचा थेंब टाकतात तो यासाठीच ना? कोपलची जोडणी अपुरी, म्हणून तो चिकट होतो?

बाष्प

अगदी तेच. कोपलवर थेंब टाकला की काही सेकंदांत पाठ निस्तेज होते, बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटतो. अंबरावर फारसं काही होत नाही. पण पॉलिश मंदावू शकते, म्हणून करायचंच तर भोकाच्या आत, कापसाच्या टोकाने, आणि लगेच पुसून. जुन्या माळेवर मी तरी करणार नाही. खंबायतसारख्या अंबरावर तर ही चाचणी खोटं उत्तर देईल.

धुकं

पांढऱ्या अंबराबद्दल कुणीच लिहीत नाहीये, ते मी लिहिते. मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. त्यात पांढरा रंग मिसळलेला नसतो, असतात ते बुडबुडे. धुरकट प्रकारात बुडबुड्यांचा व्यास ०.०२ मिलिमीटरच्या आसपास आणि दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६००. हाडासारख्या पांढऱ्यात तेच ०.०००८ ते ०.००४ मिलिमीटर, आणि संख्या दर चौरस मिलिमीटरला ९ लाखांपर्यंत. इतक्या बारीक बुडबुड्यांवर उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. दूध आणि ढग पांढरे दिसतात त्याच कारणाने. पिवळ्या पारदर्शकाच्या पोटात पांढरी लाट फिरते तेव्हा ती राळ वाहत असतानाची हालचाल गोठलेली असते.

हेच बुडबुडे घालवून धुरकट अंबर पारदर्शक करतात. तेलात हळूहळू तापवायचं, बुडबुडे निघून जातात किंवा भरून येतात. थंड करताना घाई झाली की आत गोल, खवल्यासारख्या चकाकणाऱ्या चिरा पडतात. त्यांना ‘सन स्पँगल्स’ म्हणतात. अनेकांना त्या आवडतात, मला त्या पाहून पूर्वीची लाट आठवते. तापवलेलं अंबर खोटं नसतं, पण विकताना तसं सांगायला हवं.

गारगोटी

धुकं, खूप सुंदर लिहिलंत. ‘सांगायला हवं’ हा मुद्दा मला पुढे न्यायचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक मोठा पारदर्शक लोलक ‘एकसंध नैसर्गिक’ म्हणून घेतला होता. विकणाऱ्याने तसं लिहूनही दिलं होतं. भिंगाखाली काहीतरी खटकत होतं, सरबतात साखर विरघळताना तारा दिसतात तशा तारा आत होत्या. पोलॅरिस्कोपमध्ये, म्हणजे ध्रुवित प्रकाशात तपासायच्या यंत्रात, धरला. नैसर्गिक अंबर अस्फटिकी असल्याने एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडांमध्ये काळंच राहायला हवं, पण आतल्या ताणामुळे त्यात सापासारखे वळणारे, सावकाश सरकणारे पट्टे दिसतात. माझ्या लोलकात फरशीचे तुकडे जोडावेत तसं खंडित नक्षीकाम दिसलं. प्रत्येक तुकड्याचा ताण वेगळा, प्रत्येकाची कड वेगळी. काही कडांवर तांबूस रेघ होती, ती मूळ तुकड्याची जुनी ऑक्सिडाइज साय. बुडबुडे गोल नव्हते, एकाच दिशेला ताणलेले होते.

ते दाबीव अंबर होतं. अंबर दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे मऊ पडतं. लहान तुकडे आणि चुरा तापवून दाबाखाली एकजीव करतात. अपवर्तनांक १.५४, गुरुत्व १.०८, अवरक्त वर्णपटात बाल्टिक खांदाही मिळेल, कारण माल बाल्टिकचाच. खरं सांगतात ते भिंग आणि ध्रुवित प्रकाश.

पाचोळा

हिरव्या अंबराचं काय? अगदी पोपटी रंगाचं पाहिलं आहे.

तिसरा_डोळा

पोपटी रंगाचं दिसलं की मी आधीच सावध होतो. बहुतेक माल प्रक्रिया केलेला असतो. ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात) उष्णता आणि दाब देऊन कोवळी राळ, कधी कोपलसुद्धा, टप्प्याटप्प्याने कडक करतात आणि त्यात हिरवा रंग येतो. २००९ साली ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’त यावर अवरक्त आणि एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपटांसह अभ्यास आला होता. अशी प्रक्रिया झालेला कोपल अॅसिटोनला दाद देत नाही, कारण त्याची जोडणी उष्णतेने घडवून आणलेली असते. म्हणजे वरच्या चर्चेतली एक खूण इथे निकामी होते. काही वेळा पिवळ्या अंबराच्या पाठीला नुसता काळा थर देऊनही हिरवट भास आणतात. तिथे बाजूने पाहिलं की कळतं.

धुकं

किडा असलेला तुकडा पाहण्याबद्दल एक छोटी गोष्ट सांगते. घुमटाकार, ओरखडे पडलेल्या पाठीतून किडा नीट दिसत नाही, उजेड त्या ओरखड्यांवर विखुरतो. जीवाश्म-अभ्यासक त्यावर साखरेच्या दाट पाकाचा थेंब ठेवून वर पातळ काच ठेवतात. पाकाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, अंबराच्या पुष्कळ जवळ, म्हणून ओरखडे भरून जातात आणि खिडकी उघडल्यासारखं आत दिसू लागतं. नंतर पाण्याने धुऊन टाकायचं. बाल्टिकच्या तुकड्यात किड्याच्या एका अंगाला बऱ्याचदा दुधासारखं पांढरं आवरण असतं आणि आसपास चांदणीच्या आकाराचे ओक झाडाचे केस. हे केस दिसले की मला बाल्टिकची जवळजवळ खात्री पटते.

मोरपीस

सगळं दोनदा वाचलं आणि कामाला लागले. पोलॅरिस्कोप नाही, काय करू?

गारगोटी

मोरपीस, जुना एलसीडी लॅपटॉप आहे का? त्याच्या पडद्यातून येणारा उजेड ध्रुवितच असतो. पडदा पूर्ण पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा होईल. तिथे थांबा आणि मणी मध्ये धरा, हळूहळू फिरवा. आणि मिठाच्या पाण्यात सोडायची असेल तर माळ सुटी करून एकेक मणी. भोकात हवा अडकते, ती बारीक काडीने काढा, नाहीतर बुडणारा मणीही तरंगेल. शेवटी साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा.

मोरपीस

चार दिवसांनी लिहितेय. दोरा आधीच विरला होता, म्हणून माळ सुटी केली. १५ टक्क्यांचं द्रावण मोजून केलं. बत्तीस मणी तरंगले. एक सरळ तळाला गेला. हवा काढून तीनदा सोडला, तीनदा बुडाला.

मग अंधार करून ३६५ चा टॉर्च. बत्तीस मणी निळसर-पांढरे, काही मातकट, पण भोकाच्या कडेला सगळे लख्ख. तो एक मणी काळाभोर, जणू तिथे मणी नाहीच. लॅपटॉपसमोर बत्तीसांत वळणारे पट्टे दिसले, फरशीसारखे तुकडे कुठे नाहीत. दिवसा मात्र तो एकटा मणी बाकीच्यांत इतका मिसळून जातो की मी तो पुन्हा शोधायला टॉर्चच लावते.

बाष्प

बुडतो आणि यूव्हीखाली पूर्ण निर्जीव, म्हणजे बेकेलाइटची शक्यता मोठी. अपवर्तनांक घेतला तर १.६ च्या वर येईल, तेव्हा नक्की होईल. कधीतरी एक मणी हरवला असेल आणि माळ ओवणाऱ्याने रंग जुळवून दुसरा बसवला असेल.

गारगोटी

बाकीचे बत्तीस अंबराचेच आहेत असं मी आता म्हणेन. दिसतात बाल्टिकसारखे, पण ‘बाल्टिक’ असं लिहायला अवरक्त वर्णपट हवा. मोरपीस, तो एक मणी काढणार की ठेवणार?

मोरपीस

ठेवणार. त्याच जागी परत ओवलाय, आणि दोन्ही बाजूंना एकेक गाठ मारली आहे, म्हणजे बोटाला कळेल.

धुकं

👌 वाचनखूण साठवली.